लग्नाची बाटली आणि लसणाचं सूप

चि. फिर्मां यास बोर्दोहून लेओनीताईचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? भावजयीचा खोकला? माझी बदकं? (उत्तराची सुरुवात बदकांपासून कर.) इकडे द्राक्षवेलींना आत्ता कुठे पालवी फुटतेय.

मी सुखरूप आहे, पण एका जागी नाही. ओदील म्हणते, "आई, बस ना जरा!" बसले की लेक माझी कायमची खोली दाखवायला नेते, म्हणून मी बसतच नाही. पाहुणी म्हणून आणलं आणि आता पडदे कुठल्या रंगाचे हवेत ते विचारतेय! शहर बघून झालं. जावईबापूंनी गारोन नदीच्या धक्क्यावरून फिरवलं. दारादारावर कोरलेले दगडी चेहरे, आणि प्रत्येकाचं वय जावयांना पाठ. मला वाटलं, दोनशे वर्षं दारात ताटकळणाऱ्या या बिचाऱ्यांना कुणी आतही घेईना आणि घरीही जाऊ देईना. (लिहा हो, हसू नका. शाई सांडेल.)

तर रविवारी जेवायला शेजारचे मॉस्यू आन्सेल्म आले. वाइनचे जुने व्यापारी, विधुर, पांढरीशुभ्र दाढी, कडक कॉलर. तळघरातून आपल्या लग्नाच्या वर्षीची बाटली घेऊन आले, तान्हं मूल आणावं तशी. ओदीलने लसणाचं सूप केलं होतं, पण वाढलं उथळ बशांत. सगळे पेल्यात नाक खुपसून बसले. कुणाला फुलांचा वास आला, कुणाला जुन्या कपाटाचा. मला लसणाचा येत होता. बशीच्या तळाला घोटभर सूप उरलेलं, हातात वाइन. अशा वेळी आपल्या डोंगराकडचा माणूस काय करतो? ओतली, ढवळली, बशी दोन्ही हातांनी तोंडाला लावली. अर्धी पोटात गेली, अर्धी गळ्यावरून पोलक्यात.

"आई!" ओदील किंचाळली. "अगं, त्यांच्या लग्नाची बाटली ती!"

"मग इतकी वर्षं प्यायला नको कोण म्हणत होतं?" मी म्हटलं.

जावयांचा चेहरा दारावरच्यांसारखा झाला. मॉस्यू आन्सेल्मनी माझ्या रिकाम्या बशीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "माझी आजी तुमच्याच डोंगराकडची, बाईसाहेब. ती गेल्यापासून असं पिणारं माणूस पाहिलं नव्हतं." आणि त्यांनी आपलाही पेला बशीत उलटा करून बशी तोंडाला लावली. दाढी पार जांभळी! ओदील रडायच्या बेतात. "झालं, आता ही सगळी गल्ली बिघडवणार!"

तेव्हा बाबा, गुरुवारी गाडी घेऊन ये आणि मला घरी ने. एकदा पडदे लागले की माझी सुटका नाही.

तुझी ताई,
लेओनी

ता. क. येताना माझे निळ्या काठाचे खोल वाडगे आण. बशीतून सांडतं. दोन आण, एक नको. कारण विचारू नकोस.

आणखी ता. क. हे पत्र मॉस्यू आन्सेल्मच लिहून देताहेत, म्हणून मी दाढीबद्दल कमीच बोलले. अक्षर म्हणे सुंदर आहे; मला मेलीला काय कळतंय! पण 'गुरुवारी' लिहिताना त्यांची लेखणी फार वेळ अडली होती. नीट लिहिलंय ना ते बघ.

(लिहिणाऱ्याकडून: बाईसाहेबांनी गुरुवार सांगितला, तो मी प्रामाणिकपणे लिहिला आहे. कुठला गुरुवार, ते त्या बोलल्या नाहीत. द्राक्षं उतरवून झाल्यानंतरचा धरावा, ही नम्र विनंती. वाडगे मात्र पेंढ्यात गुंडाळून आधीच पाठवावेत. आपला, आन्सेल्म.)