दोरीवरची विजार

श्री. प्रेविट, अध्यक्ष, वसाहत समिती,

तुमची तिसरी नोटीस मिळाली. परसात कपडे वाळत घातल्याने वस्तीची शोभा जाते, म्हणून आज दुपारी तुम्ही स्वतः माझी दोरी उतरवायला येणार म्हणे! अहो, डेटन शहराबाहेर इथे नुसता मका डुलायचा, तेव्हा माझ्या नवऱ्याने, ऑर्व्हिलने, दोरीचे हे खांब रोवले. तुमची शोभा फार नंतर आली.

इतकं लिहून होतंय, तोच मागच्या फाटकातून तुमची कार्लीन आली. हातात ओल्या कपड्यांची टोपली.

"विल्माबाई, आमचा ड्रायर बंद पडलाय. जरा तुमची दोरी वापरू?"

"वापर की. पण अगं, तुझा नवरा दुपारी इथेच येतोय."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली आणि तुमची निळ्या पट्ट्यांची विजार तिने अगदी फाटकासमोर लावली. वर दोन चिमटे जास्तीचे मारले.

तेव्हा हे पत्र टपालात टाकायची आता गरज नाही, आलात की हातीच देईन. दुपारी खुशाल या. ऊन कडक आहे, तोवर वाळेल.

तुमची कोपऱ्यावरची शेजारीण,
विल्मा हॅचर