जेवण म्हणजे भात

४ नोव्हें.
आईची साखर पुन्हा वर. गोळ्या वाढवून झाल्या.
डॉक्टरीणबाई: "काकू, दिवसातून किती वेळा जेवता?"
"दोनदा."
"दोनदाच? आणि तरी एवढी?"
महिनाभर पाहू म्हणाल्या. मग इन्सुलिन.
पळसदरीला घराशी उतरताना आई बोलली. "सुई मला टोचाया जमनार नाय. म्हंजे कर्जतला तुझ्या बिल्डिंगीत येऊन ऱ्हायचं. तसंच ना रं?"
तसंच.

६ नोव्हें.
दोन पुस्तकं आणली. एक म्हणतं, दर दोन तासांनी थोडं खा, चयापचय जागं राहतं. दुसरं म्हणतं, दोनदाच खा, घासागणिक इन्सुलिन उसळतं. कॉलेजात कविता शिकवताना एका ओळीचे दोन अर्थ चालतात. इथे एकच हवा.

९ नोव्हें., रवि.
पळसदरीला मुक्काम. सकाळी आईने चहाबरोबर भाकरी खाल्ली. मग शेजारी शेवंतामावशीकडे चहा-खारी. शेतावरून येताना उकडलेल्या शेंगा. दुपारी भात वाढायला घेतला आणि सकाळची गोळी तोंडात टाकली.
"ही आत्ता?"
"बाईनी पाकिटावर लिवलंय ना, सकाळच्या जेवनाआधी."
"आणि सकाळची भाकरी?"
"ती न्याहारी. जेवन म्हंजे भात. येवढा मास्तर झालास, तुला जेवन कळत नाय?"
आमच्याकडे दुपारच्या भातालाच सकाळचं जेवण म्हणतात. मीही म्हणतो. पाकीट मीच तिला वाचून दाखवलं होतं.

१० नोव्हें.
बाईंना सगळं सांगितलं. आधी हसल्या, मग गंभीर. किती वेळा खातात त्यापेक्षा दिवसभरात एकूण किती, ते महत्त्वाचं. वेळा ठरलेल्या हव्यात. गोळी चालू आहे, उपाशी ठेवू नका. पाकिटावर नवीन लिहून दिलं: भाकरीच्या आधी. खारी बंद.
आई: "खारी सोडली तं शेवंता इचारील, भांडलीस काय गं?"

८ डिसें.
रिपोर्ट आला. साखर उतरली. हवी तितकी नाही, पण सुई नको. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.
रिक्षात आईने पदराने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होती. मग रिक्षावाल्याला: "बिगी चल रं बाबा, कोंबड्या कोंडायच्या हायेत माझ्या घरी."
माझ्या घरी.
रात्री मी दोनदा भात घेतला. बायको बघत राहिली.

११ डिसें., गुरु.
आईला फोन.
"आज उपास हाय. मार्गशीर्षातला गुरवार."
"काहीच खाल्लं नाहीस?"
"काय नाय. खिचडी, दोन रताळी. च्या."
"गोळी?"
"भाकरी कुठं खाल्ली? पाकिटावर भाकरी लिवलंय."
बाईंना विचारून सांगतो म्हटलं.
"इचार. मागल्या गुरवारी बी नव्हती घेतली, ते पन सांग. तरी उतरलीच ना?"
फोन ठेवून हसत बसलो. आता बाईंना लावतोय. सुरुवात कुठून करायची, ते कळत नाही.