न दिलेला अंगठा

राणीसावरगाव,
ता. ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय रंगनाथदादा,

गीताचा सप्रेम जयभीम. वहिनीलाही सांग.

इकडं आमी सगळे खुशाल आहोत. तूर काढून झाली. विहाराला नवा रंग दिलाय, लय देखणा दिसायलाय. अंगणवाडीतली लेकरं रोज माझं डोकं उठवतात. वहिनीचा गुडघा कसा आहे?

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुला कुणीतरी अर्धंच सांगितलंय. उरलेलं माझ्याकडून ऐक, मग पाहिजे तर फाडून टाक.

डिसेंबरात दुसऱ्या जिल्ह्यातले पोलीस घरी आले. संगं एक फौजदारबाई. त्यांनी एक मोबाईल नंबर वाचून दाखवला अन् म्हणाल्या, "हा तुमचा." मी तो नंबर जन्मात पाहिला नव्हता. त्यावरून कुणीतरी एका म्हातारीला "तुमचा मुलगा पकडलाय" म्हणून भेदरवलं होतं अन् तिचं बँकेचं खातं रिकामं केलं होतं. तिच्या तक्रारीवरून तपास केला तर नाव निघालं माझं. दादा, ज्या नावावर विश्वास ठेवून गावातल्या बाया आपली लेकरं माझ्या हवाली करतात, ते नाव!

आमच्या ह्यांनी मला आत बोलावलं. "काय माहीत न्हाई म्हण अन् गप बस."

मी गप बसले नाही. मला आठवलं. दिवाळीच्या आधी अंगणवाडीसमोर छत्री लावून फुकट सिमकार्डं वाटली होती. बाया आल्या त्या माझ्या शब्दावर. मशीनवर अंगठा लावला की कार्डवाला म्हणायचा, "उमटला न्हाई, परत लावा." आमी परत लावायचो. पहिल्या अंगठ्याचं कार्ड आमच्या हातात पडायचं, दुसऱ्याचं त्याच्या खिशात.

आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दाखवणारी सरकारी वेबसाइट असते. फौजदारबाईंनी ती मला उघडून दिली. मी घरोघर जाऊन बायांना अंगणवाडीत गोळा केलं. कुसुमबाईला एक फोन धड उचलता येत नाही, तिच्या नावावर तीन नंबर! "हा माझा नाही" असं तिथंच कळवून आमी एकेक बंद करायला लावला.

मग फौजदारबाईंनी विचारलं, "कार्डं कुणी दिली?"

सगळ्या खाली बघायला लागल्या. सगळ्यांना माहीत होतं. कुसुमबाई म्हणाली, "आमाला न्हाई आठवत, म्याडम." माझ्यासाठी खोटं बोलत होती ती. बाबांनी आपल्या दोघांकडून पंचशील घोकून घेतलं होतं ते आठव. न दिलेलं घेणार नाही. खोटं बोलणार नाही. मी उभी राहिले.

"सुगत. माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा."

एवढंच तुझ्या कानावर आलं ना? पुढचं ऐक.

पोलिसांनी त्याला फरफटत नेलेलं नाही. बाईंच्या समोरच मी त्याला फोन लावला. "सुगत, मी तुझं नाव सांगितलंय. पळतोस का येतोस?"

तो रडायला लागला. "आत्या, मला वाटलं नुसती कार्डं विकायची. ते पुढं काय करायलेत, मी विचारलंच न्हाई."

"मग ते इथं येऊन सांग."

गंगाखेडहून तो स्वतः आला. कार्डं कुणाला दिली ते सगळं सांगितलं, त्यावरून पुढची माणसं सापडली. केस त्याच्यावरही आहे. केलं ते भोगेल. त्याला सोडा, असं मी एकदाही म्हणाले नाही.

जामीन झाला त्या दिवशी तू त्याला दारातून परत लावलंस. तेव्हापासून तो माझ्याकडं आहे. हे सांगायला तूर अन् गुडघा मधे आणावा लागला मला.

परवा रविवारी विहारात वंदना झाल्यावर तो सगळ्यांसमोर उभा राहिला. "तुमी न दिलेला अंगठा मी घेतला," म्हणाला. मग त्यानं पुढं सांगितलं: कुणी परत अंगठा लावा म्हणलं तर आधी हात मागं घ्या, का ते विचारा. आधारच्या झेरॉक्सवर ती कशासाठी दिली ते लिहा. आधारच्या अ‍ॅपमधून अंगठ्याला कुलूप लावता येतं, ते लावा.

तेव्हा कुसुमबाई उठली. फोन त्याच्यापुढं धरून म्हणाली, "दाखव कसं लावतेत. पण आकडे मीच दाबीन. तू हात लावू नको."

सगळा विहार हसला, दादा. सुगतसुद्धा.

तुला वाटतं मी घराण्याचं नाव घालवलं. मला अभिमान वाटतो. माझा, ह्या बायांचा अन् तुझ्या लेकाचाही. ज्यांना फसवलं त्यांच्यासमोर असं उभं राहायला छाती लागते. ती त्याच्यात तुझ्याकडूनच आली असणार.

येत्या रविवारी ये. तो तुला बोलवणार नाही, त्याला तोंड दाखवायची लाज वाटते. मी बोलावते आहे.

तुझ्या मुलाचं नाव जिनं पोलिसांना सांगितलं, अन् जी त्याला रोज ताट वाढते, ती

तुझी बहीण
गीता