साच्यातला दुधी

दादा, आज बाजारात दुधी घेताना हात थबकला. साठी उलटली, गुडघे बोलायला लागले, तरी दुधी दिसला की आपलं पिंगळीचं अंगण आठवतं आणि उगाच थकायला होतं.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. तुम्ही गवंडी. परभणीच्या कामावरून उरलेलं सिमेंट रुमालात बांधून आणलंत आणि दोन भागांचा साचा केलात, आत पिंपळाचं पान कोरलेलं. वेलावरचा बोटभर दुधी त्यात ठेवून सुतळीनं आवळलात. दुधी वाढेल तसं पान त्याच्या अंगावर उठेल, आणि जयंतीला तो बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवायचा, असं सगळ्या वस्तीला सांगून बसलात. मला म्हणालात, "सोडून बघायचं न्हाई. हालला की पान फिसकटतंय." तुम्ही रेल्वेनं कामावर गेलात की मी रोज दुपारी सुतळी सोडायचे, पान कुठवर उठलंय बघायचे, पुन्हा बांधायचे. नऊ वर्षांच्या पोरीला धीर कुठला?

जयंतीच्या सकाळी तुम्ही सगळ्यांसमोर साचा उघडलात. दुधी मधोमध तडकलेला, आणि एका पानाऐवजी एकावर एक चढलेली तीन-चार पानं, धड एकही नाही. कुणीतरी हसलं. शेजारची म्हातारी माझ्या विधवा आत्याकडं, तुमच्या धाकट्या बहिणीकडं बघून म्हणाली, "येलाला पाणी हीच घालायलीय. नजर लागली कवळ्या फळाला." आत्या तेव्हा पंचविशीची, आपल्याच घरात राहायची. ती खाली बघत राहिली. तुम्ही म्हणालात, "दीक्षा घेतलेली माणसं आपण, नजरबिजर काय घेऊन बसलाव? साचा माझ्याच हातानं चुकला." पटलं मात्र कुणालाच नाही. मी तिथंच उभी होते, सुतळीनं घासलेली बोटं परकराच्या घड्यांत लपवून.

त्यानंतर आत्या त्या वेलाजवळ गेली नाही. पुढं कुणा बाळंतिणीच्या खोलीतही गेली नाही. बोलावलं तर "नको गं, तुमीच जा" म्हणायची. माझ्या लेकाच्या बारशालाही उंबऱ्याबाहेरच बसली. मी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं, खरं काय ते मात्र तेव्हाही सांगितलं नाही.

सुतळी मी सोडत होते, दादा. तुम्हाला कदाचित ठाऊकही असेल. तुम्ही आता नाही, पण आत्या अजून गंगाखेडला आहे, कान शाबूत आहेत, दर रविवारी फोनवर माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. हे तिला सांगायला हवं. तिला सांगायचं धाडस होत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.