भिंतीच्या दोन्ही बाजूंचे गोंडे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, दागिन्यांना लावायचे मण्यांचे गोंडे करून पोट भरलेली विधवा बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. संधिवाताने बोटे तेवढी ठिकाणावर नाहीत, म्हणून अक्षर वाकडे आले आहे. त्यावरून कोणी बुद्धीची शंका घेऊ नये. पहिली तीन कलमे मी गेल्या आठवड्यात सवडीने लिहिली. चौथ्यापासून पुढचे आज, मंडळी खोळंबून बसलेली असताना लिहीत आहे.

१. माझी अर्धी खोली, मागचे स्वयंपाकघर आणि बँकेत जे असेल ते माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावे.

अर्धी खोली म्हणण्याचे कारण असे. ही खोली आधी एकच होती. सासरे गेल्यावर माझे यजमान आणि धाकटे दीर यांचे घरावरून बिनसले, आणि खोलीच्या मधोमध भिंत उभी राहिली. नेमके कशावरून बिनसले हे मला आजही धड सांगता येत नाही. भिंत धाकट्या जावेने मागितली, तिला आमचा शेजार नको होता, असे यजमान सांगत. मी ते खरे धरले.

२. ज्या दुकानदाराला मी जन्मभर माल दिला, त्याला माझ्याकडून काही नाही. माझ्या माघारी त्याने मला कलावंत वगैरे म्हणू नये, ही विनंती.

भिंत होण्याआधी मी आणि धाकटी एकाच टेबलावर बसत होतो. कानातल्याखाली झुलणारा गोंडा दिसतो सोपा. बारीक मण्यांचे सर एकत्र घ्यायचे, मेण लावलेल्या दोऱ्याने आवळायचे आणि ते तोंड धातूच्या टोपीत बसवायचे. आवळणे माझ्याकडे होते. कोणत्या रंगाला कोणता शेजार द्यायचा, हे तिच्याकडे. ती मणी पांढऱ्या बशीत ओतून खिडकीशी नेई आणि म्हणे, "वहिनी, हा हिरवा रुसलाय बघा. जरा पिवळा देऊ या त्याला."

वाटणीत खिडकी आमच्या बाजूला आली. गाठ तर मी डोळे मिटूनही मारली असती. उजेड लागत होता तिला. दोघा भावांच्या हे ध्यानात आले नाही आणि आम्हाला कोणी विचारले नाही.

पुढे माझे गोंडे बघून दुकानदार म्हणाला, "बैल बांधायला चालतील हो, पण कानात घालावेसे वाटत नाहीत." तिचे बघून गिऱ्हाईक रस्त्यावरून आत येई, पण महिना-दोन महिन्यांत सर सुटत. ते सुटलेले गोंडे दुकानदार दुरुस्तीला माझ्याकडेच पाठवी. कोणाचे हे तो सांगत नसे. मला ते रंगावरूनच समजे. मी आवळून परत करी. कधी त्या रंगांकडे बघत बसे, आणि दुपारचे काम तसेच राही.

३. माझ्या चार बांगड्या लेकीच्या. जुना भांड्यांचा संच तिला नको असल्यास कोणालाही द्यावा.

भांडण भावांचे होते. अबोला आम्ही सांभाळला. आधी माझे यजमान गेले, मग दीर गेले. दीर गेले तेव्हा मी पलीकडे जाऊन इतर बायकांत बसले. धाकटीने एकदा मान वर करून पाहिले. मी "धाकटे" एवढे म्हटले असते तरी पुरले असते. तेवढ्यात कोणीतरी मध्ये येऊन बसले आणि मी उठून घरी आले. त्यानंतर आधी कोणी बोलायचे यातच आमची उमेद सरली.

४. टेबल, पकडी, कात्र्या आणि मण्यांचे सगळे डबे धाकट्या जावेला द्यावेत, असे मी इथे लिहिणार होते. तसे होणार नाही. त्याचे कारण नोंदवून ठेवते.

आज साक्षीला खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आणि समोरचे शिंपी यायचे होते. शिंपी तापाने पडले. वकीलबाई दुसरा दिवस ठरवू लागल्या, एवढ्यात माझी लेक मला न विचारता उठली आणि शेजारून काकूला घेऊन आली.

धाकटी दारात उभी राहिली. खूप वाळली आहे.

"बस," मी म्हटले.

"बसते," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी आमचे पहिले बोलणे ते एवढेच.

वकीलबाईंनी तिला समजावले, "काकू, साक्षीदार झालात तर यातलं तुम्हाला काही घेता येणार नाही. टेबल आणि मणी तुमच्या नावे करायचं यांच्या मनात आहे. तेव्हा विचार करून सांगा."

"एकदा वाटणीत घेतलंय, तेच अजून पचलं नाही," धाकटी म्हणाली. "सही कुठे करायची?"

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुरुस्तीहून परत आलेला गोंडा कधी पुन्हा सुटला नाही. गाठ ओळखत होते मी."

मी वकीलबाईंना विचारले, मेल्यावर देता येत नसेल तर आज देता येईल का. त्या म्हणाल्या, तुमची वस्तू, आत्ता उचलून द्या.

"माझ्याकडे कुठे मावणार ते टेबल?" धाकटी म्हणाली. "राहू दे इथेच. मीच येत जाईन."

लेकीने तिच्यापुढे मण्यांची बशी ठेवली. ती बशी घेऊन खिडकीशी गेली, बराच वेळ धरून उभी राहिली, आणि हळूच लेकीला विचारले, "हा निळा का गं, हिरवा?"

तिचे डोळे जवळजवळ गेले आहेत. डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही. मला सुईत दोरा ओवता येत नाही, तिला रंग दिसत नाहीत. दोघींचा मिळून एक गोंडा आता व्हायचा नाही. खिडकी इथे होती, धाकटी भिंतीपलीकडे होती, आणि मी तिला नुसते आत ये म्हणायला हवे होते.

५. म्हणून टेबल आणि मणी लेकीकडे राहतील. काकू कधीही आली तरी तिला टेबलाशी जागा असावी. त्यासाठी तिने लेकीची परवानगी मागायची नाही.

हे मी वाचून पाहिले आहे आणि मला मान्य आहे.

स्थळ: राहते घर. तारीख वकीलबाईंनी शिक्क्याखाली घातली आहे.

(सही) लिहून देणार

साक्षीदार पहिले: (सही) खालच्या मजल्यावरचे डॉक्टर. बाईंना मी आज तपासले. शुद्धीवर आहेत, रडल्या, पण ते वेगळे.

साक्षीदार दुसरी: (सही) शेजारी राहणारी धाकटी जाऊ. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. कागद मला वाचून दाखवला. वकीलबाई नको म्हणत असताना एवढे मी लिहिते, की भिंत मी मागितली नव्हती. वहिनी, तुम्ही मागितली, असे मला आमच्या यांनी सांगितले होते.