पेन्सिलीचा तडा

३ मार्च, सोमवार

करायला नको होतं. केलं.

मामाच्या अंड्यावर पेन्सिलीनं तडा काढला.

अंडं म्हणजे मामाचं ग्रिल. चिनी मातीचं, जाडजूड, हिरवं, अंड्याच्या आकाराचं. तळाशी कोळसा, वर जाळी, जाळीवर मांस-मासे भाजायचे आणि वरून हे एवढं जड झाकण. आम्ही दोघं कामाला आहोत त्या हॉटेलात सगळे त्याला अंडंच म्हणतात. आणि मामाला, मागून, कोंबडी. दिवसभर त्याच्यापाशी बसलेला असतो म्हणून. हे नाव मीच पाडलं. नावं ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. शाळेत तेवढं एकच आलं.

तडा झकास जमला होता! झाकणाच्या कडेपासून निघाला, मध्ये जरा वळला, एक फाटा फुटला. घरचा तडकलेला कप समोर ठेवून काढला. लबाडीलासुद्धा अभ्यास लागतो.

मामा आला. पुसायला फडकं उचललं आणि तसाच थांबला. मग बसला, जमिनीवरच. चेहरा असा उतरला की माझीच फाटली. बाकीचे फिदीफिदी हसायला लागले तेव्हा त्याला कळलं. अंगठ्याला थुंकी लावून फिरवली. तडा गायब. मग बोटाच्या पेरानं झाकण वाजवलं — टण्ण!

"माती आहे माकडा ही. डोळ्यानं नाही, कानानं बघायची. तडकलेली असली की भद्द वाजते."

एवढंच. मारलं नाही, ओरडला नाही. तेच जास्त लागलं.

४ मार्च, मंगळवार

आज कळलं तो खाली का बसला.

हॉटेल येत्या शनिवारी कायमचं बंद होणार. मालक थकले, जागा विकली. वरची आमची खोलीही त्याच जागेत, म्हणजे तीही गेली. मालकांनी जाताना अंडं मामाला देऊन टाकलं. मामा ते घेऊन ताईकडे चाललाय. ताई म्हणजे मामाची मुलगी. मला आईबाप नाहीत, मामानंच वाढवलं, त्यामुळे ती माझी सख्खीच. तिच्या नवऱ्याचं, भाऊजींचं, बस डेपोजवळ छोटं हॉटेल आहे.

भाऊजी तोंडावर बोलणारा माणूस. फोनवर म्हणाले, "बाबा, अंडं घेऊन येताय तर या. मागची खोली तुमची. पण नुसता माणूस ठेवायला माझी काही धर्मशाळा नाही."

फोन स्पीकरवर होता. मामानं माझ्याकडे बघून डोळा मारला. "बघ. अंडं नवरी आणि मी पाठराखीण!"

"आणि मी रे?"

"तू? तू वरातीतला वांड घोडा. बाहेरच बांधायचा."

मी दोस्ताकडे राहीन. माझं काय! पण मामाला साखर आहे, पाय सुजतात. अंड्याशिवाय त्याला कोण दारात उभं करणार?

६ मार्च, गुरुवार

मामाची शाळा. विषय — अंडं न फोडता न्यायचं कसं.

एक दिवस पूर्ण थंड होऊ द्यायचं. बाहेरून गार लागलं तरी आत धग असते. ("तुझ्या मामीसारखं," म्हणाला. मामी जाऊन किती वर्षं झाली, अजून तिची थट्टा करतो.) आतलं सगळं आधी काढायचं — जाळी, कडं, कोळशाचं भांडं, राख. प्रत्येक तुकडा वेगळ्या गोधडीत. एकमेकांना लागू द्यायचे नाहीत.

मग झाकण. बिजागरीत जबरदस्त स्प्रिंग असतात. झाकण बंद असताना त्या ताणलेल्या. तेव्हा पाना लावला की बिजागरी उसळून तोंड फोडेल. म्हणून झाकण उघडायचं, एकानं दोन्ही हातांनी मिठीत धरायचं, दुसऱ्यानं झाकणाभोवतीच्या लोखंडी पट्ट्याचे नट सैल करायचे.

"मिठीत कसं धरायचं दाखव ना मामा."

"तुला कोणी दिली तर कळेल."

खालचा भाग सगळ्यात जड. बिजागरीला धरून कधीच उचलायचा नाही. एकाचा हात पुढच्या हवेच्या खिडकीत, दुसऱ्याचा मागून बुडाखाली. गाडीत जुना टायर टाकायचा, त्यात अंडं बसवायचं. आणि सगळ्यांनी बूट घालायचे, चपला नाहीत!

सगळ्यात शेवटी बोट उगारून म्हणाला, "आणि तापलेल्यावर पाणी? मेलास तरी नाही. हात तोडीन."

८ मार्च, शनिवार

शेवटचा दिवस. गिऱ्हाईक भरपूर आलं. हॉटेल मरायला टेकलं की सगळ्यांना त्याची चव आठवते.

संध्याकाळी मामानं मला टायर आणायला पिटाळलं. परत आलो तर एकटाच फरशी पुसत होता. टॉवेल अर्धा जळलेला.

"काय झालं?"

"टॉवेल पेटला. विझवला."

मी म्हणालो, कोंबडीचं पीस जळलं. हसला नाही. जेवलाही नाही.

९ मार्च, रविवार

अंडं थंड होतंय. मामा कोणाला जवळ फिरकू देत नाही. एरवी येता-जाता त्याला टिचकी मारतो, आज एकदाही वाजवलं नाही. जागा सुटतेय म्हणून उदास असणार.

मी त्याच्या चपलेत बर्फाचा खडा टाकला. तरी काही बोलला नाही.

१० मार्च, सोमवार

मामाचा पाय चिरडला.

माझ्यामुळे.

११ मार्च, मंगळवार

लिहून काढतो. डोक्यात ठेवलं तर वेड लागेल.

काल सकाळी भाऊजी टेम्पो घेऊन आले, ताई बरोबर. आतलं सगळं निघालं. झाकण मामानं धरलं, मी नट काढले. एक ओरखडा नाही. झाकण गोधडीत बाळासारखं निजवलं. ताई म्हणाली, "उंदरा, कामाचा निघालास की!" मला ती उंदीर म्हणते.

मग तिनं अंड्याच्या रिकाम्या खालच्या भागात डोकावलं. "बाबा, हे काय? तडा गेलाय का?"

हवेच्या खिडकीपासून खाली बुडाकडे एक बारीक रेघ.

भाऊजी टेम्पोवरून उडी मारून खाली आले. "तडकलंय? मग फुटकं न्यायचं कशाला?"

मामा वाकला. रेघेवर अंगठा घासला. वर करून सगळ्यांना दाखवला — काळा. "पेन्सिल! परत पेन्सिल! ह्या कार्ट्याचे उद्योग!" आणि त्या सोमवारची सगळी गोष्ट सांगितली. मी तडा कसा काढला, तो कसा मटकन खाली बसला, स्वतःचीच नक्कल करून. ताई पोट धरून हसली. भाऊजीसुद्धा! त्यांनी माझ्या डोक्यात टपली मारली.

मामानं माझ्याकडे बघितलं. "काय रे? तूच ना?"

मी काढला नव्हता. मी एकच काढला होता, झाकणावर. पण सगळे हसत होते. भाऊजी पहिल्यांदा माझ्यावर हसत होते, चांगलं हसत होते. मी म्हणालो, "मग! कसा जमलाय?"

रोज कोळसा जळणारं अंडं ते. आत कुठेही अंगठा घासला तरी काळाच होणार! हे मला तेव्हाच सुचलं होतं. वाटलं, मामानं हात लावून बघितलंय, मामाला कळत नाही का? काजळीची रेघ असेल. माझं बोट वीतभर अंतरावर होतं. एक टिचकी. टण्ण की भद्द, एवढंच ऐकायचं होतं.

नाही मारली.

"उचल," मामा म्हणाला. तो पुढून, खिडकीत हात घालून. मी मागून. सगळ्यांना बूट घालायला लावणारा स्वतः चपलेत. पाय सुजले होते, बुटात जात नव्हते.

आवाज मोठा आला नाही. सुपारी फोडल्यासारखा, कट्! अर्धं माझ्या हातात राहिलं. मामाचं अर्धं त्याच्या उजव्या पायावर. मामा ओरडला नाही. ताई ओरडली.

टेम्पोत अंड्याऐवजी मामाला घातला. त्याच टायरवर पाय टेकवून. ताईनं विचारलं, "बाबा, पेन्सिलीखाली खराच तडा होता, तुम्हालाही कळलं नाही?" डोळे मिटून म्हणाला, "मला वाटलं पेन्सिलच."

त्यानंतर माझ्याशी कोणी बोललं नाही.

१३ मार्च, गुरुवार

पायाची दोन बोटं काढली. डॉक्टर म्हणाले, साखर आहे, जखम कशी वागेल सांगता येत नाही.

शेजारच्या खाटेवरच्यानं मामाला विचारलं, "काय पडलं पायावर?"

"अंडं."

तो म्हणाला, "पायावर नाही, डोक्यावर पडलेलं दिसतंय." मामा हसला. मग तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेलो, ते परत आत गेलोच नाही.

१५ मार्च, शनिवार

ताईनं अंड्याचं फुटकं अर्धं तिच्या मागच्या अंगणात आडवं टाकलंय. त्यात मांजर झोपतं.

माझ्या खिशात ती पेन्सिल होती. मोडली. काही फरक पडला नाही.

१७ मार्च, सोमवार

उजवं पाऊल काढलं. काळं पडत चाललं होतं.

१९ मार्च, बुधवार

मामाला ताईकडे आणलं. मागच्या खोलीत. मी डबा घेऊन गेलो तर भाऊजी दारातच आडवे. आवाज चढवला नाही, आणि त्यांनी हळू बोललेलं मला सोसत नाही.

"ऐक. म्हातारा फुटकं भांडं माझ्या गळ्यात मारायला निघाला असता ना, तर तो पाय असो वा नसो, एक दिवस ठेवला नसता. पण त्याची चूक नाही. तुझ्या पोरकटपणानं त्याचा घात केला. मग अशा माणसाला मी रस्त्यावर सोडू? आहे तोवर इथंच राहील, मी बघेन. तू मात्र परत तोंड दाखवू नकोस."

ताई आतून बघत होती. म्हटलं आता उंदरा म्हणेल. नाही म्हणाली. डबा घेतला आणि दार लावलं.

२१ मार्च, शुक्रवार

नाही सहन होत. मस्करी केली, कबूल. खोटं बोललो, कबूल. पण तो तडा मी काढला नव्हता! तडा खराच होता आणि तो कुठून आला देव जाणे. माझी जेवढी चूक तेवढी माझ्या पदरात घाला, त्यावर आणखी कशाला?

उद्या भाऊजी बाजारात गेले की जाणार. आधी मामाला सांगणार, मग ताईला, मग भाऊजींना. चोपलं तरी चालेल. एकदा खरं बोलून बघतो, कसं लागतं ते.

२२ मार्च, शनिवार

गेलो. मामा खाटेवर बसला होता. मी तोंड उघडलं, "मामा, तो तडा —"

"माहितेय," म्हणाला. "मीच पाडला. शनिवारी टॉवेल पेटून तापलेल्या अंड्यात पडला, घाबरलो, हातात पाण्याचा मग होता. ओतला. लगेच वाजवून बघितलं — भद्द. जन्मभर तुला जे करू नको म्हटलं तेच केलं. वाटलं तिथवर तरी टिकेल, एकदा खोलीत शिरलो की बघू. त्यात पोरीनं रेघ बघितली. मला तुझी पेन्सिल आठवली."

मग माझा हात धरला. घट्ट. झाकण धरावं तसा. "भाऊजींना सांगायला आलायस ना? सांग. तुझा हक्क आहे."

खोलीत पांघरूण नीट घडी घातलेलं. खिडकीत ताईनं औषधं मांडलेली. खाटेखाली एकच चप्पल.

बाहेर आलो तर भाऊजी दारात, पिशव्या घेऊन. "तू? परत?"

"माफी मागायला आलो होतो," मी म्हणालो. "मामाची."

हे कोणाच्या हाती लागलं, कोणी वाचलं, तर पाया पडतो, कोणाला सांगू नका. ताईला नको, भाऊजींना तर नकोच नको. तडा मीच काढला होता. पेन्सिलीनं. झकास जमला होता.