बर्फातून येणारा माणूस

जुनैदभाई,
अस्सलामु अलैकुम.

सात वर्षांपूर्वी परदेशी जाताना तू ऐरोलीच्या घरात लावलेलं ते चित्र अजून हॉलमध्येच आहे. बर्फात बुडालेलं खेडं, निळसर सावल्या आणि वाटेवर ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत काढलेला माणूस. शेवटी शेवटी अम्मीला तो बर्फ म्हणजे तिच्या लहानपणचं मिठागर वाटायचा.

मंगळवारी दुपारी चित्रातल्या त्या माणसाकडे बोट करून तिने विचारलं, “ह्यो कोन येतोय?”

मी म्हटलं, “जुनैद.”

“मग कडी लावू नको.”

मी लावली नाही. दाराकडे बघतच ती गेली.

फोनवर मी तुला सांगितलं, झोपेत गेली, कुणाचं नाव घेतलं नाही. तू म्हणालास, “बरं झालं.” मीही “हो” म्हटलं.

मला अजून रडू आलेलं नाही. हे पत्र मी पाठवणार नाही.

तुझी बहीण,
शायमा